फणसाच्या लाकडाचे खण

पहाटे स्वयंपाकघरातून लाकडावर लाकूड सरकल्याचा आवाज येतो. आधी एक बारीकशी अडखळ, मग लांब, गुळगुळीत सर्र, आणि शेवटी खण आपल्या घरात परत गेल्याचा मऊ ठोका. त्या ठोक्यामागोमाग फणसाच्या लाकडाचा मंद, किंचित मधुर गंध आणि ताज्या कॉफीच्या पुडीचा उग्र दरवळ एकमेकांना न ढकलता माझ्या खोलीपर्यंत येतात. अर्धवट झोपेत मला इतकंच उमगतं, की अक्का उठल्या, अंघोळ आटोपून ओल्या केसांचा आंबाडा घालून मेडैपाशी, म्हणजे आमच्या गॅसच्या ओट्यापाशी, उभ्या राहिल्या आणि पहिला खण त्यांनी ओढला. जगात इतके नाद आहेत, मृदंगाचे, नागस्वरांचे, देवळातल्या घंटांचे. पण या एका ओबडधोबड आवाजाइतकं सुख मला कुठल्याच नादानं दिलेलं नाही. एके काळी हाच आवाज ऐकताना माझा श्वास अडकत असे, म्हणून तर आज त्याचं इतकं अप्रूप.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. घरातली लहानथोर सगळीच त्यांना अक्का म्हणतात, म्हणून मीही. मी साताऱ्याची, लग्न होऊन कावेरीच्या या मुलखात आले, राजवाड्यामागच्या गल्लीत, जिथे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आलेली माणसं अजून घरात मराठी बोलतात आणि उंबरठा ओलांडला की तमिळ. मी आले त्या दिवशी अक्कांनी जमलेल्या नातलगांना किती अभिमानानं सांगितलं होतं, की ही थेट आपल्या देशातून आलेली, हिची भाषा ऐका! माझी भाषा ऐकून ती मंडळी हळूच हसली, आणि त्यांची ऐकून मी. 'बरवें', 'कोठें', 'मज', 'तुज' असे शब्द मी तोवर फक्त शाळेतल्या कवितांत पाहिले होते. इथे ते भाजी चिरता चिरता बोलले जात होते. माहेरी जे पुस्तकात मिटून पडलं होतं, ते इथे सांबाराला फोडणी देत होतं, याची मला फार गंमत वाटे.

ती देशाची दारं उघडली जाण्याची वर्षं होती, निदान वर्तमानपत्रं तसं म्हणत. आमच्या गल्लीत ती दारं उघडली ती भांड्यांच्या दुकानातून. आजवर न पाहिलेल्या वस्तू काचेमागे येऊन बसल्या, केबलच्या तारा घराघरांवरून लोंबू लागल्या, आणि चकचकीत मासिकांतली स्वयंपाकघरं पाहून माझ्याही मनाला पालवी फुटली. आम्ही जुनी चूल हलवून सिमेंटचा ओटा घातला, ओट्याखाली खोल कपाटं केली, आणि मी हौसेनं एकसारख्या स्टीलच्या डब्यांचा मोठा संच आणला. एकच घाट, एकच झाकण, एकच चकाकी. अक्कांचे जुने डबे, चेपलेला पत्र्याचा, कान तुटलेली चिनी मातीची बरणी, पितळेचा पेलाभर उंच संपुट, कुणाच्या तरी लग्नात आलेली काचेची बाटली, सगळे मी माळ्यावर टाकले. नव्या डब्यांवर कागद चिकटवून मोठ्या, वळणदार देवनागरीत नावं लिहिली. 'तुमच्यासाठीच ठळक लिहिलंय, अक्का,' असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, 'अक्षर बरवें आहे गे तुझें.' मला केवढा आनंद झाला होता.

त्यानंतर काही महिन्यांत घरावर एक सावली आली. अक्कांच्या हातून चुका होऊ लागल्या. रसमात धन्याची पूड दुप्पट आणि मिरपूड नाहीच. इडलीच्या पिठात उडदाच्या जागी मूग. एकदा ताकाला मेथीची फोडणी द्यायची ती ओव्याची. ज्या बाईनं पन्नास माणसांची पंगत एकटीनं उठवली, ती आता कपाटात डोकं घालून, गुडघ्यांवर हात टेकून, डबा काढी, उघडी, पुन्हा ठेवी, दुसरा काढी. विचारलं तर म्हणे, 'कांहीं नाहीं.' या 'काही नाही'मध्ये काय दडलं आहे ते आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच कुणी बोलत नव्हतं. अक्कांची थोरली बहीण ओरत्तनाडूला राहते. तिचंही असंच सुरू झालं होतं. आधी मीठ विसरली, मग वाट विसरली, आणि शेवटी पोटच्या मुलांना 'आपण कोणाचे?' असं विचारू लागली. अक्का पूर्वी दर पौर्णिमेच्या आसपास बसनं तिला भेटायला जात, मीही सोबत असे. चुका सुरू झाल्या आणि अक्कांनी ओरत्तनाडूचं नाव घेणं सोडलं. आरशात पाहायची भीती वाटावी, तसंच ते असेल का?

माझे यजमान पाटबंधारे खात्यात आहेत. कालव्याचं पाणी कुठल्या दाराने किती सोडायचं हे ते बसल्या जागी सांगतात, पण घरातली गोष्ट आली की तोंडाला कुलूप. एका संध्याकाळी मात्र ते म्हणाले, आईला आता गॅसपाशी जाऊ देऊ नये. बोलले हळू, पण अक्कांनी ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्या ओट्यापाशी अंग चोरून उभ्या होत्या, जणू परक्याच्या घरात आल्या आहेत. स्वयंपाकघर काढून घेतलं तर या बाईपाशी उरतं काय? देव्हारा आणि खिडकी. मला ते पाहवेना.

मला औषध ठाऊक नव्हतं; मला ठाऊक होतं ते सुतारकाम. माझे वडील साताऱ्यात शाळेत हस्तव्यवसाय शिकवत. त्यांना मुलगा नव्हता आणि हत्यारं गंजू द्यायची नव्हती, म्हणून करवत, रंधा, पटाशी, गुण्या हे सगळं माझ्या हाती आलं. सासरी येताना मी पैठणीखाली त्यांचा छोटा रंधा घालून आणला होता. ट्रंक उघडली तेव्हा जमलेल्या बायकांनी एकमेकींकडे कसं पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. मी ठरवलं, की ओट्याखालच्या त्या काळोख्या गुहा मोडायच्या आणि त्यांच्या जागी पुढे ओढता येतील असे खण करायचे. अक्कांनी वाकायचं नाही, अंधारात चाचपायचं नाही. खण ओढला की सामान आपणहून उजेडात यावं. विसरणाऱ्या माणसाला निदान समोर दिसावं तरी, इतकाच माझा विचार होता.

लाकूड मिळालं वीणेच्या घरचं! आमच्यापासून जवळच वीणा करणाऱ्या आसारींची, म्हणजे इथल्या सुतारांची, कारखानावजा ओसरी आहे. फणसाचा अखंड ओंडका कोरून ते वीणेचा भोपळा घडवतात आणि उरलेल्या फळ्या भिंतीशी लावून ठेवतात. मी स्वयंपाकघरासाठी फळ्या मागते आहे हे कळल्यावर म्हातारे आसारी जरा दुखावल्यासारखे झाले. मग म्हणाले, घेऊन जा, लाकडाला गाणंच पाहिजे असं कुठे आहे, पोटही चालतं. फणसाचं लाकूड रंधताना पाहिलं आहे तुम्ही? हळदीसारखा पिवळा भुसा उडतो, केसांत बसतो, पदरावर बसतो, आणि अंगणात ऊन असेल तर सगळं अंगण कुणी हळद दळल्यासारखं दिसतं. पुढे वर्षांमागून वर्षं हवा लागत गेली की तो पिवळेपणा मावळतो आणि मधासारखा तांबूस होतो. माणसांच्या बाबतीत आपण त्याला म्हातारपण म्हणतो आणि घाबरतो.

मी अंगणात पाट घालून काम मांडलं. बाजूंना साधं लाकूड, दर्शनी पट्ट्या फणसाच्या. कोपरे खिळ्यांनी न ठोकता बोटांत बोटं गुंफावीत तसे खाचांनी जोडले, कारण खण रोज ओढला जातो आणि खिळा एक ना एक दिवस हात सोडतो. मद्रासहून लोखंडी चाकांच्या पट्ट्या मागवता आल्या असत्या, त्यांचं तेव्हा फार कौतुक होतं. पण मला वडिलांची रीत ठाऊक होती, लाकडाच्या सरकपट्ट्या आणि वर मेणबत्ती घासायची. अक्का ओसरीवर बसून पाहत. मधूनच कॉफी आणून देत, मधूनच भुसा झाडत. एक दिवस म्हणाल्या, 'तुझ्या हातास शोभतें.' सहा खण झाले. प्रत्येकाच्या दर्शनी पट्टीवर मी काळ्या रंगानं, बारीक कुंचल्यानं, पुन्हा माझं वळणदार अक्षर काढलं. पिठीसाखर, साखर, गूळ खालच्या डाव्या पट्टीवर; मीठ, चिंच, मिरची उजव्या; असं करत डाळी, पिठं, मसाले, आणि वरच्या खणात कॉफी.

आणि काय सांगू, चुका थांबल्या! पहिला आठवडा मी पहाटे जागी राहून कानांत प्राण आणून ऐके: हा वरचा खण, कॉफीचा, हा खालचा डावा, साखरेचा, बरोबर. आता मधला, बरोबर. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचे महिने झाले. अक्का ओट्यापाशी पुन्हा पाय रोवून उभ्या राहू लागल्या, यजमान घरात शीळ घालू लागले, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. चार फळ्यांनी म्हातारपण परतवलं, असा भ्रम व्हायलासुद्धा थोडी भोळी उमेद लागते. ती माझ्यापाशी भरपूर होती.

मग ऐप्पसी, म्हणजे इथला दिवाळीचा महिना, आला. महाराष्ट्रात दिवाळीला आभाळ निवळलेलं असतं. इथे नेमकी तेव्हाच ईशान्येकडून झड लागते. आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, आगपेटी पेटत नाही आणि लाकूड पाणी पिऊन फुगतं. खालचे दोन खण अडकून बसले. दिवाळीची आदली रात्र, म्हणून मी घाईनं दोन्ही उपसून काढले, बाजू रंधल्या, मेण चोपडलं. परत बसवताना पाहिलं, तर डावा उजव्या घरात जास्त सैल जात होता आणि उजवा डाव्या घरात. तसेच बसवले. समोर नावं लिहिलेली होतीच, मग कोण कुठे बसला याची फिकीर कशाला?

दिवाळीला आमच्याकडे मालाडू होतात, डाळव्याच्या पिठाचे, पिठीसाखर आणि कढत तूप घालून वळलेले. सोवळ्यात केलेला जिन्नस नैवेद्यापूर्वी जिभेला लावायचा नाही, हा या घराचा कडक नेम. अक्कांनी पहाटे लाडू वळले, देवापुढे ठेवले, आरती झाली, आणि पहिला लाडू यजमानांच्या हातावर ठेवला. त्यांनी तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. गिळला त्यांनी तो. मग मी चाखला. मीठ होतं, शुद्ध मीठ, पिठीसाखरेच्या मापानं घातलेलं.

अक्कांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी आमची तोंडं पाहिली, ताटातला लाडू मोडून एक कण जिभेवर ठेवला, आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. बाहेर गल्लीत फटाके वाजत होते. अक्का म्हणाल्या, 'ताईस झालें तेंच मज होतें आहे. आतां मज चुलीपाशीं पाठवूं नका.' त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले, खरं म्हणजे डोळे पुसायला. ओट्यावर मिठाचा डबा उघडा होता. तो जागेवर ठेवावा म्हणून मी वाकले, खण ओढला, आणि हात तसाच थांबला. मिठाचा डबा डाव्या खणात, पुढच्या कोपऱ्यात बसत होता. अगदी त्याच कोपऱ्यात, जिथे दिवाळीपूर्वी, गेले इतके महिने, पिठीसाखर होती! खण मी बदलला होता. अक्कांचा हात मात्र बदलला नव्हता. अंधाऱ्या पहाटे तो बिनचूक त्याच जागी गेला होता जिथे साखर असायला हवी. विसरलेलं माणूस चुकतं ते वाट्टेल तसं चुकतं. ही चूक आठवणीची होती, आणि आठवण इतकी शाबूत होती की दोन बोटांचाही फरक नव्हता. पण मग पट्टीवर एवढं ठळक 'मीठ' लिहिलं होतं, ते?

मी अक्कांना हाताला धरून आत आणलं. खाली बसवलं, खणासमोर. 'अक्का, इथे काय लिहिलंय?' त्यांनी अक्षरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. यजमान दारात उभे होते. अक्का इतक्या हळू बोलल्या की मला वाकावं लागलं. 'मज ती अक्षरें येत नाहींत, मुली. आम्हांस कोणीं शिकविलींच नाहींत. आमची भाषा तोंडांत आहे, डोळ्यांत नाहीं. मी तमिळ तेवढें वाचतें.'

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं एका घरात राहून हे कळलं कसं नाही? कसं कळावं? अक्कांची सारी स्तोत्रं मुखोद्गत. समईकडे पाहत त्या तास-तासभर म्हणत, आणि मला वाटे, पोथी लागतच नाही एवढी भक्ती आहे. देशातून आलेल्या सुनेला 'आपली भाषा मला वाचता येत नाही' हे कसं सांगायचं, या संकोचानं त्या गप्प राहिल्या. मी यजमानांकडे वळले. त्यांना तर ठाऊक होतं! ते डोकं खाजवत म्हणाले, 'मज वाटलें, तूं तुजसाठींच लिहिलेंस.' स्वतःच्या आईची भाषा कालव्याच्या नकाशाइतकीही ज्याला वाचता येत नाही असा हा माणूस, त्यानं तरी त्या कागदांकडे कशाला पाहावं?

आणि सगळं एकदम उलगडलं. जुने डबे अक्का घाटावरून ओळखत, चेपलेल्या पत्र्यावरून, तुटलेल्या कानावरून. मी एकसारखे डबे आणले आणि त्यांच्या बोटांखालची सारी बाराखडी पुसून टाकली. काळोख्या कपाटात डबे आम्ही कुठूनही कुठे ठेवत होतो, म्हणून त्या चुकत होत्या. खणांनी प्रत्येकाला ठाम जागा दिली, म्हणून चुका थांबल्या. बुद्धीला काही झालं नव्हतं. काहीही झालं नव्हतं! मी तिथेच फरशीवर बसून हसू लागले, आणि हसता हसता रडूही लागले. अक्का आधी गोंधळल्या. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, खण मी उलटे घातले, तुम्ही चुकला नाहीत, तुमचा हात अगदी बरोबर गेला. समजलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. तो श्वास मला अजून ऐकू येतो. किती महिन्यांपासून त्या तो धरून बसल्या होत्या कोण जाणे. मग डोळे उघडून माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाल्या, 'एवढें तूप वायां घालविलेंस, चांडाळणी.' इतका गोड धपाटा मी जन्मात खाल्लेला नाही.

हसू मात्र माझं मलाच आलं, ते नंतर. इतकी वर्षं इथे राहून मी तरी तमिळ कुठे वाचत होते? ओरत्तनाडूची बस मी ओळखत असे ती पुढच्या काचेवरच्या पिवळ्या माळेनं आणि चालकाच्या डोक्यावरच्या मुरुगनच्या तसबिरीनं. माळ बदलली तर मी पट्टुकोट्टैला पोहोचले असते, आणि मला कुणी विस्मरण झालं म्हटलं नसतं. परकी आहे बिचारी, एवढंच म्हटलं असतं. आपल्या माणसावर आपण शंका किती लवकर घेतो, आणि ती सुद्धा प्रेमापोटी! अक्कांनी आणि मी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवली होती, आणि दोघी एकाच युक्तीनं दिवस काढत होतो.

झड ओसरल्यावर मी कुंचला अक्कांच्या हातात दिला. त्यांनी माझ्या प्रत्येक नावाशेजारी तमिळमध्ये नाव लिहिलं, थरथरतं पण नेटकं, शाळकरी मुलीसारखी जीभ दातांत धरून. दिवसाला एक पट्टी या हिशेबानं त्या अक्षरांवरून मी तमिळ शिकले आणि त्या माझ्या अक्षरांवरून देवनागरी. माळ्यावरचा चेपलेला डबा खाली आला, पिठीसाखर पुन्हा त्यात गेली. खण मात्र मी अदलाबदल केले नाहीत. अक्काच म्हणाल्या, राहूं दे, आतां वाचीन.

त्यानंतरच्या पौर्णिमेला त्यांनी आपणहून विषय काढला. 'ओरत्तनाडूस जाऊं या कां?' नव्यानं केलेले मालाडू डब्यात घेतले. बसस्थानकावर मी पाटी वाचली, एकेक अक्षर जुळवत, मोठ्यानं, आणि शेजारची दोन माणसं हसली तरी वाचत राहिले. थोरल्या ताईंनी अक्कांना ओळखलं नाही. 'आपण कोणाचे?' असं त्यांनी विचारलं. पूर्वी या प्रश्नाला अक्का बाहेर येऊन तोंड धूत. त्या दिवशी बहिणीजवळ बसल्या, तिच्या ओंजळीत लाडू ठेवला आणि म्हणाल्या, 'तुझीच.' ताईंनी लाडू खाल्ला, बोटं चाटली, आणि दुसरा मागितला. भीती गेली की माणसाला दुसऱ्याजवळ बसता येतं, हे मी त्या दुपारी पाहिलं.

आजही पहाट झाली की खण सरकतो. अडखळ, सर्र, मऊ ठोका. दर्शनी पट्ट्यांचा पिवळेपणा आता मावळत चालला आहे आणि अक्कांच्या हातालाही पूर्वीची लगबग नाही. उद्याचं कुणी पाहिलं आहे? पण मी आता मोजत नाही, की हा कितवा खण आणि तो बरोबर आहे का. फणसाचा आणि कॉफीचा वास येतो, मी कूस बदलते, आणि मला पुन्हा झोप लागते.